दमलोय, थकलोय की शिणलोय?

गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून एसटीनं आला, निम्मा रस्ता उभ्यानं, वर खंबाटकीत तासभर गाडी अडकलेली, आणि घरात आल्या आल्या सोप्यात अंग टाकून म्हणाला, "आज्जी, मी पार थकलोय गं." माझी आई ७८ वर्षांची, सगळा जन्म खटाव तालुक्यात गेलेला, ती आतनं लगबगीनं बाहेर आली, त्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "थकाय काय झालंय रं तुला? वीस वर्साचं पोरगं तू. दमलाय म्हण."

त्याला काही कळलं नाही, त्याच्या दृष्टीनं दोन्ही एकच. मोबाईलवर टायर्ड टाकलं की थकलेला येतं, हिंदीत पण थक गया म्हणतात, मग बिघडलं कुठं. पण आईच्या कानाला ते खरंच टोचलं होतं. तिच्या मराठीत थकतं ते म्हातारं माणूस. "अण्णा आता थकले" म्हणजे अण्णा आज शेतातनं दमून आले असं नाही, अण्णांचं वय झालं, हात कापतो, आता एकटं पाठवू नका, असा सगळा अर्थ त्या तीन शब्दांत येतो. तेच "अण्णा दमले" म्हटलं की फक्त पाणी द्यायचं आणि बसू द्यायचं. म्हणजे नातू एक सांगत होता आणि आजीला ऐकू भलतंच येत होतं.

मी सांगलीत राहते आणि भाषांतराचं काम करते, फॉर्म, माहितीपत्रकं, दवाखान्यातल्या सूचना, असलं साधंच. इंग्रजीतनं टायर्ड हा एक शब्द समोर आला की माझा हात थांबतो, कारण मराठीत त्याला एक शब्द नाही, दहा-बारा आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दम, शीण, थकवा, भागणं, मरगळ, गळाठा, ग्लानी, कंटाळा, उबग, वैताग. वर पुन्हा आपल्याकडचं पेकाट मोडलं, पिट्ट्या पडला, जीव टेकीला आला, अंग आंबलं. डिक्शनरीत बघितलं तर यातल्या निम्म्यांच्या पुढं एकच इंग्रजी शब्द लिहिलेला सापडतो. पण मला इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की समजलीय, मराठीत प्रत्येक शब्दात ते कशानं जाणार हेच लपलेलं असतं. म्हणून भाषांतर करताना किंवा नुसतं एखाद्याचं ऐकताना पण मी मनात आधी हेच विचारते, की हे जाणार कशानं?

दमणं घ्या. दम म्हणजे श्वास, हा शब्द फारसीतनं आपल्याकडं आला आणि इतका मुरला की दम लागणं, दम खाणं, दम धरणं, दमछाक, दमा, सगळं त्याच्याभोवती उभं राहिलं. संस्कृतातलं दमन, म्हणजे ताब्यात आणणं, ते वेगळं, पण बोलणाऱ्याच्या मनात आज दमणं म्हटलं की श्वासच येतो. अजिंक्यताऱ्यावर पहाटे चालायला जाणारी माणसं बघा, मंगळाईच्या बाजूनं चढताना मध्ये एखाद्या दगडावर टेकतात, दोन मिनिटं कुणी बोलत नाही, मग उठून पुन्हा चालायला लागतात. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर पळणारं माणूस यवतेश्वरच्या घाटात दमतं, थकत नाही. दमणं थांबल्यानं जातं, त्याला औषध नको आणि सहानुभूती पण फार नको, फक्त जागा आणि वेळ पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जे होतं ते मात्र दमणं नाही. आपल्याकडं म्हणतात अंग आंबलं. आंबलेल्या पिठासारखं जड, फुगलेलं, हात लावला की दुखणारं. याबद्दल एक समज फार पसरलाय की स्नायूत लॅक्टिक ॲसिड साठतं आणि म्हणून दुसऱ्या दिवशी दुखतं, आणि आंबणं या शब्दामुळं ते आपल्याला पटतं पण लगेच, कारण आंबट म्हणजे ॲसिड. पण ते तसं नाही, लॅक्टेट व्यायाम संपल्यावर तास-दोन तासात रक्तातनं निघून गेलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं हे सवय नसलेल्या कामानं स्नायूंच्या धाग्यांना झालेली बारीक इजा आणि त्यावरची सूज, त्याचं असतं, साधारण २४ ते ७२ तासात ते जास्त जाणवतं आणि मग आपोआप उतरतं. उतार उतरताना जास्त आंबतं हे पण म्हणूनच, उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना जोर लावत असतो. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना दम लागतो आणि दोन दिवस जिना उतरता येत नाही ते उतरल्यामुळं, हे ज्यानं केलंय त्याला सांगायला नको.

आता थकणं, आणि हा शब्द मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो माणसाला लागतो तसाच पैशाला पण लागतो. वीजबिल थकलं, सोसायटीचं कर्ज थकलं, कारखान्याकडं उसाचं बिल थकलंय. सांगली-साताऱ्यात हे वाक्य ऐकलं नाही असं माणूस नसेल. कायद्यानं ऊस गाळपाला दिल्यापासून १४ दिवसात पैसे द्यायचे असतात, ते नाही दिले की एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराची रक्कम, थकली म्हणतात. लहानपणी मला वाटायचं पैसे चालून चालून दमले असतील आणि वाटेत कुठं बसले असतील. आणि गंमत नाही, खरंच शब्दाच्या मुळात तसंच आहे. प्राकृतात थक्क म्हणजे थांबलेला, जागच्या जागी उभा राहिलेला. बंगालीत थाका म्हणजे राहणं, मुक्काम असणं, ते पण त्याच घरातलं. आपण थक्क झालो म्हणतो तेव्हा पण आपण जागीच उभे राहिलेलो असतो. म्हणजे थकणं याचा पहिला अर्थ शक्ती जाणं हा नाही, पुढं जाणं बंद होणं हा आहे. वय झालेलं माणूस थकतं, कर्जाचा हप्ता थकतो, दोन्हीकडं येणं-जाणं थांबलेलं असतं.

आणि यात एक आणखी सापडलं ते मला मिरजेत. मिरजेपासून कर्नाटकची हद्द जवळ, तिकडं जतच्या पूर्वेला तर घराघरात कानडी. माझी एक कानडी बोलणारी मैत्रीण संध्याकाळी घरी आली की म्हणायची, सुस्तागिदे. मला वर्षभर वाटायचं ही आळशी झालीय असं स्वतःबद्दल म्हणते, कारण मराठीत सुस्त म्हणजे जेवून जड झालेला, पडून राहिलेला, सुस्ती येणं यात थोडा दोष आहे. कानडीत सुस्तु म्हणजे साधं दमणं, कष्ट करून आलेलं, त्यात दोष कसला नाही. शब्द दोघींचा एकच, फारसीतला सुस्त, म्हणजे ढिला, सैल. पण एकीकडं त्याला आळसाचा वास लागला आणि दुसरीकडं नाही. आणि पुढची गोष्ट ऐकून मी खरंच थक्क झाले, कानडीत ज्याचं कर्ज थकलंय त्याला सुस्तीदार म्हणतात. आपल्याकडं थकबाकीदार, तिकडं सुस्तीदार. कृष्णेच्या अलीकडं-पलीकडं दोन भाषा, मुळं वेगळी, पण न फिटलेल्या कर्जाला शब्द शोधायची वेळ आली तेव्हा दोघीही थकव्याच्याच घरात गेल्या. शेतकऱ्याच्या मुलखात हे असंच होणार असं मला वाटतं.

असाच एक घोळ भागणं या शब्दाचा. चांदोबा भागलास का हे आपल्या प्रत्येक पोराला म्हणून दाखवतात, आणि आत्ताच्या पोरांना विचारा भागलास म्हणजे काय, दहातली नऊ म्हणतील पळून गेलास, कारण कानावर हिंदी, आणि पुढच्या ओळीत तो झाडामागं लपलेला असतो त्यामुळं पळाला हे जुळतं पण. पण आई विचारत असते चांदोबा दमलास का रे, रात्रभर चालून. थकलाभागला यात तेच भागणं आहे. संस्कृतात भग्न म्हणजे मोडलेला, त्याच्यापासनं हे दोन्ही आले, हिंदीत लढाईत मोडलेला पळाला म्हणून भागना म्हणजे पळणं, आणि मराठीत मोडलेला तिथंच बसला म्हणून भागणं म्हणजे दमणं. पेकाट मोडलं, कंबरडं मोडलं आपण आज म्हणतो त्यात पण हेच मोडणं आहे, फक्त जुनं मोडणं आपल्या कानाला आता ऐकू येत नाही. फलटण तालुक्यात तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब आहे, माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथं होतं. आळंदीपासून चालत आलेली माणसं तिथं पळतात, फुगड्या घालतात. एका वर्षी मी रिंगण बघायला गेले होते तेव्हा एका आजींना विचारलं, भागला नाही का हो? त्या म्हणाल्या, भागलोय की, पण शीण नाही.

हे वाक्य मी अजून कुठल्याच भाषेत नीट नेऊ शकलेले नाही. भागलोय पण शीण नाही. कारण शीण हा नुसता अंगाचा नसतो. शीण अंगाला आणि जिवाला एकदमच होतो, जीव शिणला म्हणतात, डोळे शिणले म्हणतात, बाळंतिणीला शीण असतो, पाहुणचार करून घरातल्या बाईला शीण असतो, कोर्टकचेरीच्या चकरा मारून होतो तो पण शीण. आणि शीण झोपेनं सगळा जात नाही. शीण जातो कुणीतरी पायावर गरम पाणी घातल्यानं, कुणी डोक्याला तेल लावल्यानं, ज्याच्यासाठी केलं त्यानं "लय केलंस गं" म्हटल्यानं, किंवा जिथं पोचायचं होतं तिथं पोचल्यानं. वारकरी पंढरीत पोचला की शीण गेला म्हणतो, पायाचे फोड तसेच असतात. इंग्रजीतला वेअरी याच्या जवळ येतो, पण वेअरी पुस्तकी वाटतो आणि शीण रोजचा आहे, भांडी घासताना म्हणण्यातला.

संस्कृतात श्रम हा शब्द पण असाच दुहेरी, श्रम म्हणजे कष्ट पण आणि कष्टानं आलेला थकवा पण, करणं आणि त्याचं फळ एकाच शब्दात. त्यातनंच श्रमण, आश्रम, परिश्रम, विश्रांती. विश्रामाचं घासून घासून मराठीत विसावा झालं. साताऱ्यात विसावा नाका आहे, रोज हजार माणसं तिथनं जातात, रिक्षावाल्याला सांगतात विसाव्याला सोडा, आणि शब्दाकडं कुणाचं लक्ष नसतं. पालखीचा विसावा असतो तसा तिरडीचा पण विसावा असतो, स्मशानाच्या वाटेवर एकदा खाली ठेवतात तो. एकाच शब्दानं चालणाऱ्याला पण बसवलं आणि गेलेल्याला पण. आणि श्रमपरिहार, मंडळाच्या पोरांना गणपती झाल्यावर जेवण घालतात ते. इंग्रजीत त्याला पार्टी म्हटलं की अर्धा अर्थ गेला, कारण तो तुम्ही कष्ट केलेत हे आम्ही बघितलंय असं सांगायचा प्रकार आहे.

बघितलंय हे सांगणं महत्त्वाचं असतं आणि काही भाषांनी ते रोजच्या रामराममध्येच घालून टाकलंय. जपानमध्ये ऑफिस सुटताना एकमेकांना ओत्सुकारेसामा म्हणतात, त्यात त्सुकारे म्हणजे थकवा. अर्थ काढायचा तर तुम्ही थकला असाल, तुमच्या कष्टाचा मान आहे, असा काहीतरी. तो शब्दशः भाषांतर करून तुम्ही थकलेले आहात केलं तर माणूस आरशात बघायला जाईल. इराणमध्ये काम करत असलेल्या माणसाला, दुकानदाराला, टॅक्सीवाल्याला खस्ते नबाशीद म्हणतात, म्हणजे तुम्हाला थकवा न येवो. पश्तूमध्ये वाटेत भेटलेल्या माणसाला थकू नकोस असंच म्हणून नमस्कार करतात. फारसीतल्या त्या खस्तेचा जुना अर्थ जखमी, मग थकलेला. आपल्याकडं आईबापांनी खस्ता खाल्ल्या म्हणतो तो खस्ता मला तरी त्याच घरचा वाटतो. आणि आपल्याकडं असा नमस्कार नाही असं कुणाला वाटत असेल तर त्यानं माण-खटावच्या कुठल्याही घरात दुपारी जावं, "दमला असशीला, टेका जरा, पाणी घ्या" हे आधी, कशासाठी आला ते नंतर.

शब्दांच्या बरोबर व्याकरण पण बघायला पाहिजे, इंग्रजीत आय ॲम टायर्ड, मी आहे टायर्ड, जसं मी आहे उंच. मराठीत मी दमलो म्हणतो ते झालेलं काम, पण बाकी बहुतेक सगळं आपल्याकडं येतं. मला थकवा आलाय, मला कंटाळा आलाय, मरगळ आलीय, ग्लानी आलीय. पाहुण्यासारखं आलंय, आलंय तसं जाईल. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, त्यात माणूस आणि त्याचा थकवा एक होत नाहीत. आणि कुठला थकवा तुमची चूक आहे आणि कुठला नाही हे पण भाषेनं ठरवून ठेवलंय, ते क्रियापदात दिसतं. कंटाळा येतो आणि कंटाळा करतात पण. आळस येतो आणि आळस करतात पण. "कंटाळा करू नकोस" असं आई रागावू शकते. पण "थकवा करू नकोस" असं मराठीत म्हणताच येत नाही, "शीण करू नकोस" म्हटलं तर त्याचा अर्थ उलट मायेचा होतो, की फार त्रास करून घेऊ नकोस. म्हणून कुणी कंटाळा आलाय म्हणत असेल आणि आपण त्याचं कंटाळा करतोय असं केलं तर आपण त्या माणसावर आरोप केला. ऑफिसमध्ये, शाळेत, घरात सुनेच्या बाबतीत हे किती सहज होतं.

कंटाळ्याचं अजून एक. इंग्रजीत थकायचं आणि कंटाळायचं दोन्ही टायर्डच, फक्त मागे ऑफ लावायचं. आय ॲम टायर्ड ऑफ धिस. मशीन त्याचं मी याला थकलो आहे असं करतं आणि आता पोरं बोलायला पण तसंच लागलीत. इथं थकणं नकोच, वैताग, उबग, वीट, यातलं काय ते बघायचं. वैताग कारण काढलं की जातो. कंटाळा बदल झाला की जातो. वीट आणि उबग तसे नाहीत, ते एकदा आले की त्या गोष्टीकडं परत बघवत नाही. चार दिवस भेंडीच खाल्ली तर कंटाळा, चार महिने खाल्ली तर वीट.

आणि बर्नआउट. हा शब्द थकव्याच्या अर्थानं रूढ केला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञानं, १९७४ मध्ये, न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक बघून. जागतिक आरोग्य संघटनेनं तो आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात घेतला, ते वर्गीकरण २०१९ ला मंजूर झालं आणि २०२२ पासून लागू झालं, पण त्यात त्याला आजार म्हटलेलं नाही, कामामुळं होणारी अवस्था म्हटलंय. तीन गोष्टी लागतात, शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासनं मन लांब जाणं किंवा कामाबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातनं काही होत नाही असं वाटणं. वर्तमानपत्रात याला अतिताण लिहितात. मला ते पटत नाही, ताणात माणूस अजून ओढत असतो, धडपडत असतो. बर्नआउटमध्ये ती ओढच जाते. आपल्याकडं "कामावरनं मन उडालं" म्हणतात ते जास्त जवळ आहे, आणि त्याच्या आधी "जीव ओतून केलं, पण आता" असं काहीतरी वाक्य हमखास येतं. ते आधीचं वाक्य ऐकायला पाहिजे.

आता जिथं शब्द चुकला तर जीवावर बेततं ते, दवाखाना. माझ्या मावशीनं दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात सांगितलं, "जिना चढताना दम लागतोय." ऐकणारा पोरगा हुशार होता पण मराठी नवीन, त्यानं ते थकवा असं लिहून घेतलं, टॉनिक दिलं, आराम करा म्हणाला. मावशीनं दीड महिना टॉनिक घेतलं. नंतर दुसरीकडं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातच्या खाली. दम लागणं आणि थकवा येणं ही डॉक्टरच्या दृष्टीनं वेगळी लक्षणं आहेत. दम लागणं म्हणजे श्वास पुरत नाही, त्यात हृदय, फुफ्फुस, रक्त कमी असणं हे बघायला लागतं. थकवा म्हणजे श्वास ठीक आहे पण शक्ती नाही, त्यात थायरॉइड, शुगर, बी-१२, झोप, मनाची अवस्था, खूप काही. अशक्तपणा म्हटलं की पुन्हा वेगळं, उचलायची वस्तू उचलत नाही, हाताची पकड सुटते, ते नसांचं किंवा स्नायूचं असू शकतं. आणि "चक्कर येते" आणि "गळून गेल्यासारखं होतं" हे पण एक नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर ते कमी धरतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायका ॲनिमियात सापडल्या. म्हणजे ओट्यापाशी, शेतात, बँकेत उभ्या असलेल्या निम्म्याहून जास्त. यातल्या कितीजणी मला काही झालंय असं म्हणतात? माझ्या ओळखीतल्या बायका म्हणतात जरा अंग जड वाटतंय, जरा कणकण वाटते, आणि तो जरा इतका लहान करून म्हणतात की ऐकणारा पुढं जातो. बायकांना हार्ट अटॅक येतो तेव्हा छातीत कळ यायच्या ऐवजी कधी कधी नुसता दम लागतो किंवा कधी आला नव्हता असा थकवा येतो, हे पण माहीत असावं. झोप, जेवण नीट असून दोन-तीन आठवडे जात नसेल तर ते दमणं नव्हे, रक्त तपासून घ्यायचं, आणि सांगताना एक शब्द सांगून थांबायचं नाही, काय करताना होतं आणि कशानं कमी येतं ते सांगायचं.

म्हणूनच आजारपणाच्या प्रश्नावल्या एका भाषेतनं दुसरीत नेताना नुसता एक भाषांतरकार चालत नाही. पद्धत अशी असते की दोघं स्वतंत्रपणे भाषांतर करतात, दोन्ही मिळवून एक करतात, मग ज्यानं मूळ बघितलेलंच नाही असा तिसरा माणूस ते परत मूळ भाषेत नेतो, आणि परत गेलेलं मूळासारखं निघतंय का बघतात. आणि शेवटी, हे सगळ्यात महत्त्वाचं, ते खऱ्या माणसांना वाचून दाखवतात आणि विचारतात, तुम्हाला यातनं काय समजलं?

हे शेवटचं मी एकदा साध्या छोट्या कामासाठी करून बघितलं. गेल्या सात दिवसांत तुम्हाला किती थकवा जाणवला, शून्य ते दहामध्ये सांगा, असा प्रश्न होता. मी तो तासगावच्या बाजूला द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या एका ताईंना वाचून दाखवला. थिनिंगचे दिवस, सकाळी सातपासनं हात वर करून घड विरळ करायचे, मान वर ती वरच. त्या बसस्टॉपवर पिशवी हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, शून्य लिवा. मी म्हटलं, अगदी शून्य? त्या म्हणाल्या, "थकवा कशाला येईल, मी काय आजारी हाय? म्हातारी हाय?" मी ते लिहून घेतलं आणि त्याच्याखाली दुसरा प्रश्न लिहिला, जो मूळात नव्हता, आणि वाचला. घरी गेल्यावर एकदा टेकलं की पुन्हा उठायला अंगात त्राण राहतंय का?

त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आता इचारलंसा, तर सांगते." मग सांगलीची गाडी आली, गेली, दुसरी आली, ती पण गेली.